चौदा दिवसांत कळवू

आमच्या टायपिस्टताईंना नापास करणाऱ्या त्या तिघांपैकी एकानेही आयुष्यात कधी कोर्टातल्या खिडकीसमोर रांग लावली नसेल, हे मी पैजेवर सांगते. लावली असती तर लाज वाटली असती. पण कुठली लाज अन् कुठलं काय!

कायद्याची पदवी मिळाली म्हणून लगेच काळा कोट मिळत नाही. नव्या नियमाप्रमाणे आधी वर्षभराचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अशिलाशी बोलायचं कसं, दावा लिहायचा कसा, न्यायाधीशांपुढे उभं राहायचं कसं. नुसतं उभं राहायलाही दहा मार्क होते आमच्याकडे. वर्गात सगळी पंचविशीच्या आतली पोरं आणि पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बेचाळीस वर्षांच्या ताई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कोर्टात एकोणीस वर्षं त्यांनी आदेश टाइप केलेले. साहेबांचं वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आत त्यांचं टाइप झालेलं असायचं म्हणे.

"त्यात काय गं," त्या म्हणायच्या, "सगळ्यांची तीच दहा वाक्यं."

नोकरी सांभाळून पदवी घेतली होती त्यांनी. आता या कोर्ससाठी एक वर्षाची बिनपगारी रजा, तीही हातापाया पडून. पुन्हा मिळणार नाही, असं ऑफिसने लिहूनच दिलं होतं. घरी सासूबाईंनी स्वयंपाकघर आणि नातीचा अभ्यास अंगावर घेतला होता. "एक वर्ष रेटते मी, पण एकच हं," असं त्या म्हाताऱ्या बाईंनी बजावलं होतं. म्हणजे पास व्हायचं ते याच वर्षी. नाही तर कोट विसरायचा.

दर बुधवारी कॉलेजच्या तळमजल्यावर मोफत सल्ला केंद्र चालायचं. नाव सल्ला केंद्र, आणि पहिला नियम काय, तर विद्यार्थ्याने सल्ला द्यायचा नाही! जोडीने बसायचं, ऐकायचं, फॉर्म भरायचा, आणि शेवटी "चौदा दिवसांत लेखी कळवू" म्हणायचं. मग फॉर्म केंद्राच्या प्रमुख सरांकडे जाणार, सर सही करणार, पत्र निघणार. त्या वाक्यासाठी फॉर्मवर वेगळा चौकोन होता. हसतमुखाने म्हटलं की दोन मार्क.

त्या बुधवारी बोलायची पाळी माझी होती. समोर शिवणकाम करणारी बाई, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. वीस वर्षांची दुकानाची खोली, मालक केस जिंकलेला, खोली खाली करा असा आदेश. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मान हलवली, सगळे चौकोन भरले. आणि गोड हसून म्हणाले, "चौदा दिवसांत लेखी कळवू हं."

ताई शेजारी आदेश वाचत होत्या. त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

"अपिलाला तीस दिवस असतात," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "आज अठ्ठाविसावा आहे."

 बाईंना बसवून आम्ही दोघी धावत वर गेलो. सरांच्या खोलीत तपासणीची मंडळी आलेली, चहा चाललेला. सर दार अर्धं उघडून म्हणाले, "फॉर्म ट्रेमध्ये ठेवा."

"सर, परवा मुदत संपतेय त्यांची."

"मग तसं फॉर्मवर लिहा." आणि दार लावलं. माझं डोकं सणकलं, पण मी फॉर्मवर तसं लिहून तो ट्रेमध्ये ठेवला.

ताई मात्र तडक खाली गेल्या, मागोमाग मी. बाईंना पायऱ्यांवर नेलं आणि सांगितलं, "परवा शेवटचा दिवस आहे. उद्या दहाच्या आत कोर्टात जा. तळमजल्यावर गरजूंना मोफत वकील देणारं ऑफिस आहे, तिथे हा कागद दाखवा. मुदत परवा संपते म्हणा, आणि काम झाल्याशिवाय हलू नका."

"ताई, नियम?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"अगं, मशीन रस्त्यावर येईल तिचं."

बाईंचं अपील वेळेत दाखल झालं. खोली खाली करायच्या आदेशाला स्थगिती मिळाली. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण तीन आठवड्यांनी त्या बाई हातात मापाची टेप घेऊन थेट वर्गात आल्या, सर शिकवत असताना! "या ताईंनी सांगितलं म्हणून वाचले हो मी. यांचा काळा कोट मीच शिवणार!" म्हणाल्या आणि ताईंच्या खांद्याला टेप लावली. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. सर वाजवत नव्हते.

मग चौकशी समिती. तीन खुर्च्या, पाण्याचे तीन ग्लास, मधल्या खुर्चीत सर. ताई आत जाऊन म्हणाल्या, मी सांगितलं, वेळ आली तर पुन्हा सांगेन. माझं नाव त्यांनी काढलंच नाही. मग मला आत बोलावलं. सरांनी विचारलं, "यांनी सल्ला दिला का? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो," मी म्हणाले.

तिथे मला सांगता आलं असतं की, सर, चौदा दिवसांचं त्या बाईला मी सांगितलं होतं, तुमच्या दोन मार्कांसाठी, आणि आम्ही दारात आलो तेव्हा तुम्ही चहा पीत होता. जीभ काय झडली होती माझी? पण मलाही कोट हवा होता.

ताई व्यावसायिक आचाराच्या विषयात नापास. सगळं वर्ष पुन्हा. आणि त्याच फॉर्मला मला वीसपैकी वीस! तो कागद हातात घेतला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

ताई जिन्यापाशी भेटल्या. "तुला काय विचारलं गं आत?"

"सल्ला दिला का म्हणून. मी हो म्हणाले. चौदा दिवसांचं... ते कुणी विचारलंच नाही, ताई."

त्यांनी चष्मा पुसला. "बरोबर केलंस. विचारलं तेवढंच सांगायचं असतं. चांगली वकील होशील तू."

टोमणा मारला असता तर मी तिथेच रडले असते, पाया पडले असते, वर जाऊन सगळं ओकले असते. पण त्या ते अगदी मनापासून म्हणाल्या.