शोभाताईचं लग्न आणि थंड देशातली कादंबरी

मी महान साहित्य वाचायला घेतलं आणि त्यामुळं माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली.

त्या वर्षी मी बारावी पास झालो होतो आणि शहरातल्या कॉलेजात बी.ए.ला जाणार होतो. पण विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एस.टी. नाही. कॉलेजं कधी उघडणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही मूळचे फुलंब्रीचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी ती विकली, होती ती जमीन चुलत्यांच्या हवाली केली आणि वाळूजच्या एका कारखान्यात कामाला लागले. बजाजनगरात पत्र्याच्या एका खोलीत आबा, आई, शोभाताई आणि मी राहायचो; धाकटी बहीण गावी चुलत्यांकडं शिकायला होती.

आमच्याच गावचा सुधाकरदादा तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होता. नामांतराच्या सत्याग्रहात अटक करून घ्यायला निघाला, तेव्हा जाता जाता आमच्याकडं आला आणि पुस्तकांची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मी आत चाललोय. तू रिकामाच हायस, तर ही मोठी कादंबरी वाच. कॉलेजात कोऱ्या डोक्यानं जाऊ नाय."

तो तुरुंगात गेला आणि मी कादंबरीत. (सुटका त्याची आधी झाली.)

कुठल्याशा थंड देशातल्या कादंबरीचं ते मराठी भाषांतर होतं. जाडी अशी, की उशाला घेतलं तर मान अवघडेल. त्यातल्या प्रत्येक माणसाला घरात एक नाव, बाहेर दुसरं आणि कुणी रागावलं की तिसरंच. पान उलटेपर्यंत कोण कुणाचा कोण, हे मी विसरून जायचो. शेवटी मी एक युक्ती काढली. आदल्या दिवशी जेवढं वाचलं तेवढं सकाळी आई भाकरी थापत असताना तिला सांगायचं. सांगितलं की आपल्याही ध्यानात राहतं.

आईला गोष्ट लई आवडली, पण नावं काही झेपेनात. असली नावं घेतली की भाकरी चिरते, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून तिनं आपल्या सोयीनं नवीन नावं पाडली. कादंबरीतल्या जहागीरदाराला ती 'मालक' म्हणायची, त्याच्या थोरल्या मुलीला 'ताई', आणि त्या मुलीच्या मागं लागलेल्या अधिकाऱ्याला नुसतं 'लष्करातला'.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्या खोल्यांमधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. वर चांगली हातभर फट होती आणि भिंतीपलीकडं वच्छलाकाकू राहायच्या. काकू मनानं फार चांगल्या. दुसऱ्याचं दुःख त्यांना बघवत नसे, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नसे.

रोज सकाळी त्यांच्या कानावर काय पडत होतं? आई विचारायची, "मालकानं आणखी जमीन जुगारात घालवली व्हय रे?" मी म्हणायचो, "बरीचशी गेली." मग आई विचारायची, "आन् ताईला कळलं का, तो लष्करातला तिला फसवतोय म्हणून?" मी म्हणायचो, "अजून नाय. पण गावात बोभाटा झालाय." आई सुस्कारा सोडायची. पाठोपाठ भिंतीपलीकडूनही एक सुस्कारा यायचा. तो आम्हाला वाऱ्याचा वाटायचा.

थोड्याच दिवसांत काकूंची माया वाढली. वाटीभर आमटी येऊ लागली, वांग्याची भाजी येऊ लागली. आई म्हणायची, शहरात राहूनसुद्धा कसा शेजार जपते बघा. काकूंचे यजमान आबांच्याच पाळीला होते. त्यांनी एकदा चहाच्या सुट्टीत आबांना बाजूला घेऊन सांगितलं, की पत्त्यांचा नाद वाईट असतो. आबांना पत्त्यांतली राणी आणि गुलाम वेगळे ओळखता यायचे नाहीत. पण कुणी चांगलं काही सांगितलं की मान डोलवायची ही त्यांची सवय. "लई वाईट," असं म्हणून ते चहा पीत राहिले. हा त्यांचा कबुलीजबाब धरण्यात आला.

मग काकूंनी नळावर शोभाताईला गाठलं आणि समजावलं, की बाळे, लष्करातल्या माणसाचा भरवसा धरू नकोस. ताई बादली उचलता उचलता म्हणाली, "व्हय ना काकू, मलाबी तसंच वाटाय लागलंय." काकूंनी तिथंच पदर डोळ्यांना लावला.

अशातच चितेगावचं स्थळ आलं. मुलगा तिकडच्याच एका कारखान्यात कामाला होता, शांत होता. एका रविवारी तो आणि त्याची आई बघायला आले. आमच्या दारात येण्याआधी रीतीप्रमाणं मुलाच्या आईनं शेजारी चौकशी केली. काकूंना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. त्यांनी दोन्हीच्या मधलं सांगितलं : पोरगी सोन्यासारखी हाय, झाल्या गोष्टीत तिचा काय दोष?

खोदून विचारल्यावर उरलेलंही सांगितलं.

पाहुण्या बाई आत आल्या त्या तोंड पाडूनच. ताईनं पोहे दिले, त्यांनी ताटली खाली ठेवली. आबांना त्यांनी विचारलं, फुलंब्रीची जमीन आता किती राहिलीय? आबा म्हणाले, आहे तेवढी आहेच की. बाईंनी मान हलवली आणि आईकडं वळून हळूच विचारलं, "तो लष्करातला हल्ली कुठं असतो?"

आपल्या गोष्टीतलं माणूस चितेगावपर्यंत माहीत आहे, याचाच आईला आनंद झाला.

"तो कुठला असतोय," ती म्हणाली. "त्याला गोळी लागली. गेल्या आठवड्यातच मेला. मी लई रडले बाई."

आबांनी विचारलं, "कोण मेलं?" आणि पत्र्याखालच्या फटीतून आवाज आला, "अगं बाई, मेला?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी फळीवरचं पुस्तक काढून पाहुण्यांपुढं ठेवलं आणि सगळा घोटाळा सांगितला. बाईंचा विश्वास बसेना. एवढं जाड पुस्तक कुणी उगीच लिहील का, असा त्यांचा सवाल होता. "वाच बघू," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. नाव आलं की आई मधेच सांगायची, हा मालक, ही ताई. थोड्या वेळानं पाहुण्या बाई खाटेवरून उतरून आईशेजारी चटईवर बसल्या. तांदळाचं ताट घेऊन वच्छलाकाकू आल्या आणि निवडत निवडत ऐकू लागल्या. आबा उंबऱ्यात बसून, आपण घालवलेल्या जमिनीचा हिशेब ऐकत होते. ऊन उतरलं, तेव्हा मुलानं गाडी चुकेल म्हणून हळूच सुचवलं. "थांब जरा," त्याची आई म्हणाली, "मालक परत जुगाराला बसलाय."

शेवटी न राहवून त्यांनी मला विचारलं, ताईचं पुढं काय होतं? मी म्हणालो, मी अजून निम्म्यातच आहे.

"ती लगीनच करत नाय," चुलीजवळून शोभाताई म्हणाली. "शाळा काढती."

सगळ्यांनी माना वळवल्या. ताईनं सातवीतच शाळा सोडली होती. पण माझ्या वाचण्याचा वेग सोसेना म्हणून तिनं दुपारी दुपारी बसून आख्खं पुस्तक कधीच संपवलं होतं. मुलानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं, आणि मग बघतच राहिला.

"त्यांच्यात नसंल पद्धत," त्याची आई म्हणाली. "आपल्यात लगीन बी करावं आन् शाळा बी काढावी. पोहे आण गं, गार झाले तरी चालतील."

लग्न ठरलं. सुधाकरदादा सुटून पुस्तक मागायला आला, तोवर ते चितेगावला गेलं होतं. तो पोट धरून हसला, चहा प्याला आणि पुढच्या मोर्चाला निघून गेला. नामांतर व्हायला अजून बरीच वर्षं होती.

मग एकदाचं कॉलेज उघडलं. पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, की साहित्याच्या विद्यार्थ्यानं जे वाचलं त्याची घरी मोकळेपणानं चर्चा करावी. मी तास संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, मग खाली ऑफिसात जाऊन अर्ज दिला आणि कॉमर्सला गेलो. फुलंब्रीला शिकणाऱ्या धाकट्या बहिणीचं लग्न अजून व्हायचं होतं.