पारावरची लाल दारू

आमच्या आसेगावात बेलभंडार उचलला गेला तेव्हा पहिला हात माझ्या काकांचा, म्हणजे गावच्या पाटलांचा होता. दारूबंदीची पत्रकं मीच वाचून दाखवली होती. हळद आणि बेलाचं पान मुठीत धरून गावानं शपथ घेतली, दारूला शिवणार नाही. मोहाच्या भट्ट्या विझल्या.

दिवाळीनंतर काकांच्या छातीत कळ आली. अकोल्याच्या डॉक्टरनं बाटली लिहून दिली. लाल द्राक्षाची दारू, दोन्ही जेवणांसोबत पेलाभर, त्यापेक्षा थेंबही जास्त नाही. म्हणे काळजाला बळ येतं. मी तिथंच भडकलो. जे विष माणसं खातं ते भाकरीसोबत घेतलं की औषध कसं होतं? डॉक्टर म्हणाला, पत्रकं वाचून रोगी बरे होत नाहीत.

घरी बाटली तशीच पडून राहिली. काकांना आता दोन पावलांत दम लागे. काकू माझ्यावर उसळली.

"तुह्या शपथीपायी मी कुंकू पुसू काय रे?"

तरी मला माघार घ्यायची नव्हती. तोड काकांनीच काढली. औषध घ्यायचं तर चोरून नाही, गावासमोर. दुपारी त्यांनी ताट पारावर मागवलं. लोक जमले. काकांनी सगळं सांगितलं, भाकरीचा घास खाल्ला आणि पेला उचलला.

तेवढ्यात पूर्वीचा भट्टीवाला छातीवर हात ठेवून कण्हला.

"पाटील, माह्यंबी काळीज लय धडधडून राह्यलं जी. मले कवा वाढता?"

सगळा पार हसला. मी त्याची गचांडी धरायला उठलो, तर काकांनी मला खाली बसवलं आणि पेला रिकामा केला.

आठवडा झाला नाही तोच गावात काळजाचे दुखणेकरी निघाले. जो तो भाकरीसोबत मोहाची घेई आणि पाटलांचं नाव सांगे. भट्टीवाल्याच्या शेतात पुन्हा धूर दिसला. मी डॉक्टरला चार शिव्या हासडल्या. काकांनी त्या ऐकल्या. मग उठले, उरलेली बाटली पारावर नेली आणि सगळ्यांदेखत मातीत ओतली.

"काहून ओतली जी?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"तुले पाहून," काका म्हणाले, आणि धापा टाकत घराकडे वळले.

काकू दारातच उभी होती. तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं. त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते, पण बोलत नाही.