नामदारांच्या आवाजाचा शिपाई

नांदगावला आमच्या शाळेत एक शिपाई होता, त्याला आम्ही पोरं ‘सायलेंट मोड’ म्हणायचो. तो मुका नव्हता. घंटा द्यायचा, नोटीस वर्गावर्गातून फिरवायचा, पण बोलायची वेळ आली की कानाशी येऊन कुजबुजायचा. मास्तरांशी तसंच, पोरांशीही तसंच. घसा बसलेला असेल म्हणावं, तर तो असा वर्षानुवर्षं कुणाचा बसतो?

नाव सावळीराम. घर आमच्या घराला लागूनच, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. शाळेबाहेर.

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पाण्याच्या टँकरमुळे. शाळेच्या आवारात टँकर मागे येत होता आणि बालवाडीतलं एक पोर त्याच्या चाकामागे बसून मातीत गाडी खेळत होतं. काका व्हरांड्यात होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

“थांब!”

टँकर जागच्या जागी थांबला. पोर वाचलं. पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ड्रायव्हर हात जोडून खाली उतरला. मुख्याध्यापक शर्ट खोचत केबिनमधून धावत आले. आमच्या वर्गात तर बाईंनी आम्हाला उभंच केलं. सगळे फाटकाकडे बघत होते, कारण तो आवाज साहेबांचा होता. टीव्हीवर यायचा तो, सभेत यायचा तो, अगदी तोच. फाटकात एक शेळी उभी होती.

काका केव्हाच पाण्याच्या टाकीमागे गेले होते, तोंडावर हात दाबून.

साहेब म्हणजे आमच्याच गावचे जीवन. ते वर चढत गेले तसं त्यांचं नाव लांबत गेलं. चहाच्या टपरीवर नुसते जीवन. जिल्हा परिषदेला जीवनभाऊ. आमदार झाल्यावर जीवनरावसाहेब. राज्यात मंत्रिपद मिळालं तेव्हा पत्रिकेवर एक ओळ पुरेनाशी झाली. मग खासदार होऊन दिल्लीत गेले, केंद्रात मंत्री झाले, आणि तिकडच्या लोकांनी त्यांना पुन्हा ‘जीवनजी’वर आणून ठेवलं.

टँकरच्या प्रकरणानंतर मी शेजारच्या सिंधुबाईकाकूंचं डोकं खाल्लं, म्हणजे सावळीरामकाकांच्या बायकोचं. त्या भाजी निवडत सांगत गेल्या.

“आरं, तो आवाज साह्यबाचा नाय. ह्यांचा हाय.”

तरुणपणी काका रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचे. कुस्त्यांचा, तंबूतल्या सिनेमाचा, हरवलेल्या बैलाचा. आवाज असा की म्हातारी माणसं बाजेवर उठून बसायची. जीवनचा आवाज मात्र पिपाणी. काका टपरीवर त्या पिपाणीची नक्कल करायचे आणि जीवन स्वतःच हसून हसून चहा सांडायचे. चांगले दोस्त होते.

जीवन जिल्हा परिषदेला उभे राहिले. पहिल्याच सभेत त्यांनी तोंड उघडलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हा काकांनी डोकं चालवलं. प्रचाराची कॅसेट भरताना ‘जीवनभाऊंना मत द्या’ असं न म्हणता ते बोलून गेले, “मी तुमचा जीवन बोलतोय.” वाड्यावस्त्यांवर उमेदवार कुणी पाहिला होता? लोकांनी आवाजाला मतं दिली.

निवडून आल्यावर पंचाईत झाली. सत्काराला लोक म्हणाले, भाऊ, दोन शब्द बोला. भाऊ घसा धरून बसून राहिले. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी काकांच्या परसात लिंबाखाली येऊ लागले. पाढे म्हणावेत तसं आधी काका म्हणायचे, मग जीवन.

“मला आधी कळायचं,” काकू म्हणाल्या, “कोण म्हनतंय आन कोण मागून म्हनतंय. मग एक दिवस चहा घेऊन गेले, तर दोघं पाठमोरे बसलेले. आवाज येत हुता, पन कुनाचा, ते कळंना. कप कुनाला आधी द्यावा, म्हनून तशीच हुबी राह्यले.”

त्याच दिवशी जीवनभाऊ जाताना म्हणाले, “सावळ्या, रागावू नको. पण गावात हा आवाज एकच पाहिजे.” धमकी नव्हती. उलट डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेच्या संस्थेत शिपायाची नोकरी आली. काकांनी भोंगा धुऊन माळ्यावर ठेवला.

म्हणजे पुकारा करणारा माणूस घंटा बडवायला लागला. एवढंच झालं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण आवाज घरातून जाईना. टीव्ही लागला की काकूंच्या स्वयंपाकघरात तो यायचा. साहेब पाणीखात्याचे मंत्री असताना एकदा बातम्यांत म्हणाले, “पाणी मिळेल.” काकू आतून ओरडल्या, “तांब्या तिथंच हाय की!” काका खुर्चीत गप्प बसलेले. मुलगी सृष्टी रांगत होती तेव्हा टीव्हीच्या काचेवर हात फिरवून ‘अण्णा, अण्णा’ करायची, बापाला म्हणावं तसं. कुजबुजणाऱ्या बापाकडे मात्र ती उशिरा गेली.

टँकरच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. काकूंनी स्पीकर चालू केला आणि पश्चात्ताप केला, कारण त्या दिवशी काका फोनवर कुजबुजले नाहीत.

“काल गावात माझं भाषण झालं म्हणे.”

“एकच शब्द होता.”

“ऐकला सगळ्यांनी.”

“पोर मेलं असतं.”

“बरं केलंस.”

“मग?”

“काही नाही. सहज.”

काकू म्हणतात, त्यातलं कोणतं वाक्य नवऱ्याचं होतं, हे त्यांना आजही सांगता येत नाही. एकच माणूस स्वतःशी बोलल्यासारखं वाटलं. मध्यंतरी निवडणुकीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेले फोन यायचे, तसा काकांनाही आला: “नमस्कार, मी तुमचा जीवन बोलतोय.” काका फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग माझ्याकडे फोन देऊन कुजबुजले, “हे मी कधी बोललो रे?” मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या वर्षी सृष्टीचं लग्न ठरलं. मुलगा नाशिकचा, म्हणून लग्नही गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला: एक मंगलाष्टक मी म्हणणार. माइकवर. मोकळ्या आवाजात. लेकीनं बापाचा आवाज बापाच्या तोंडून एकदा तरी ऐकावा, एवढंच.

“मग म्हना की,” काकू म्हणाल्या. “सवताच्या पोरीच्या लग्नात म्हनायला काय दिल्लीची परवानगी लागती?”

“साहेबांना पत्रिका द्यावी लागेल.”

“द्या. दिल्लीवाला मानूस येतोय व्हय!”

आला की. आपल्याकडे नेते लोक लग्नाला येतात म्हणजे काय, हे सांगायला नको. मुहूर्त त्यांच्या गाडीला बांधलेला असतो. गुरुजी घड्याळाकडे आणि यजमान रस्त्याकडे बघत असतात. साहेब आले, फेटा बांधून घेतला, माइक हातात घेतला आणि म्हणाले, “सृष्टी ही माझीच लेक.”

मी साउंडवाल्या केरूच्या बाजूला उभा होतो. सृष्टी खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. आवाज येताच तिनं झटकन वर पाहिलं आणि स्टेजवर नाही, तर कोपऱ्यात अक्षतांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. काकांचे ओठ हलत होते. साहेबांच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. त्यांना ते माहीत नसावं.

खाली उतरताना साहेब काकांजवळ थांबले. त्यांना पुढची लग्नं गाठायची होती, पण हात सोडवेना.

“सावळ्या, तू टपरीवर माझी नक्कल करायचास ना? मूळच्या आवाजाची?”

“हो साहेब.”

“एकदा करून दाखव की. मला आठवतच नाही तो कसा होता. एकटा असताना करून बघतो, पण हाच येतो.”

काकांनी घसा साफ केला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

“मीपण विसरलो, साहेब.”

साहेबांनी मान हलवली आणि ते गाडीकडे गेले. गाडी फाटकाबाहेर पडली, मागोमाग बाकीच्याही गेल्या.

अंतरपाट धरला गेला. पहिली दोन मंगलाष्टकं दोघी आत्यांनी आपापल्या सुरात पार पाडली. मग केरूनं काकांच्या हातात माइक दिला. काकांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

इतका मोकळा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. पण त्या आवाजाची पहिली ओळ संपायच्या आत सगळं लॉन्स वळलं. साहेब परत आले! लोक टाचा उंच करून फाटकाकडे बघायला लागले. बँडवाले उभे राहिले. क्रेनचा कॅमेरा गर्रकन फाटकाकडे फिरला, खालचे फोटोग्राफर तिकडे धावले, आणि स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर फाटक दिसायला लागलं. रिकामं. कुणीतरी उत्साहानं तिकडे अक्षतासुद्धा टाकल्या.

गलक्यानं काकांनी डोळे उघडले. सगळी डोकी पाठमोरी. मग माइक तोंडाशी तसाच धरून त्यांनीही मान वळवली आणि फाटकाकडे पाहिलं. कोण म्हणतंय, ते बघायला.



“अण्णा,” अंतरपाटाशेजारून सृष्टी म्हणाली. माइकमध्ये नाही, पण मला ऐकू आलं. “इकडं. तुम्हीच म्हणताय. मी बघतीय ना.”

काका तिच्याकडे वळले. पुढचं सगळं त्यांनी तिच्याकडे बघत म्हटलं, शेवटपर्यंत. ती हुंदके देत होती आणि एकदाही मान वळवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी फिरली: कार्यकर्त्याच्या लेकीसाठी केंद्रीय मंत्र्यांनी गायलं मंगलाष्टक. दिल्लीत एका मुलाखतीत साहेबांना विचारलं, तुम्ही गाताही? ते म्हणाले, “थोडंफार. लेकीचं लग्न होतं.” काकांनी ते टीव्हीवर पाहिलं. मला म्हणाले, “खोटं नाय बोलत रे तो. त्याला तसंच आठवत असेल.”

लग्नाची फिल्म आली. त्यात ते मंगलाष्टक अथपासून इतिपर्यंत आहे, आणि तेवढा वेळ फक्त फाटक. काका एका क्षणालाही दिसत नाहीत. मी सृष्टीला म्हटलं, फोटोग्राफरला झापायला पाहिजे. ती म्हणाली, “कशाला? मी पाहिलंय ना.”

काका मात्र नांदगावला रोज दुपारी ती फिल्म लावतात. मी गेलो की कुजबुजून खुर्ची दाखवतात. पडद्यावर ऊन पडलेलं फाटक असतं, आवाज चढत जातो, आणि ते पुढे वाकून बघत राहतात. एकदा मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “येईल आता.”