न वाचता निवडलेली पुस्तकं

मी स्वभावानं घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला लिफ्टमधून परत वर जाणाऱ्या बायका असतात ना, त्यातली. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी अबुधाबीतल्या एका खासगी शाळेत लायब्ररियन झाले, तेव्हा वाटलं, याच्याइतकं बिनधोक काम दुसरं नाही. काही काळ ते बिनधोक होतंही. मग शाळेत फिलिपिनो मुलं वाढली आणि प्रिन्सिपल मॅडमनी फर्मान काढलं, छोट्या मुलांसाठी नवं कपाट करा, अर्धं क्लासिक्सचं, अर्धं फिलिपिनो.

क्लासिक्सची मला चिंता नव्हती. बुडालेली जहाजं, पुरलेले खजिने, अनाथ मुलं हे सगळं मी लहानपणी पुण्यात मराठी संक्षिप्त आवृत्त्यांतून वाचलं होतं. ती निवड मी मेथी निवडता निवडता केली. फिलिपिनो पुस्तकांचा खोका मनिलाहून आला आणि माझी झोप उडाली. ती वाचून द्यायचं कबूल केलं होतं आमच्या संगीताच्या फिलिपिनो टीचरनी, आणि त्यांना नेमकं त्याच आठवड्यात वडिलांच्या आजारपणासाठी तातडीनं गावी जावं लागलं. कपाटाची सरकारी तपासणी तोंडावर आलेली, आणि पुस्तकं योग्य आहेत म्हणून सही करायची मी. लिपी इंग्रजीचीच, त्यामुळे सगळं मोठ्यानं वाचता यायचं. अर्थाच्या नावानं मात्र ठणठणाट.

मग मी चित्रांवरून निवडायला बसले. गोष्ट कशाचीही असो, घराखाली एक डुक्कर बांधलेलं असायचंच. इथल्या शाळेत ते चालणार नाही, म्हणून ते पुस्तक बाजूला. बाटली दिसली, दारूची असली तर काय घ्या, बाजूला. झाडावर कुणीतरी काळं, केसाळ बसलंय, बाजूला. संध्याकाळपर्यंत बाजूचा ढीग कमरेएवढा झाला आणि कपाटात दोन पुस्तकं उरली, दोन्ही माशांची. नवरा म्हणाला, "अगं, टीटाला विचार की."

टीटा म्हणजे फिलिपिनो भाषेत मावशी. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ती तिच्या नर्स बहिणीबरोबर राहायची आणि घरी चार-पाच मुलं सांभाळायची. माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हापासून तिच्याकडे. संध्याकाळी पोरं खाली खेळायची आणि टीटा दारात उभी राहून हाक मारायची, "उवी ना तायो." चला, घरी जाऊ या. तेवढे तीन शब्द मलाही ठाऊक होते.

मुलगी आता सहा वर्षांची होती. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पुण्याला फोन लावला की आजोबांशी हॅलो, फाइन, बाय, खलास. येईल हळूहळू, असं नवरा म्हणायचा. त्याला तसं म्हणणं सोपं होतं. मला आतून धास्ती होती की ही पोर माझ्या भाषेतून कायमची निसटणार, आणि एक दिवस मी तिला काही जिवाचं सांगायला जाईन तेव्हा ती पाहुण्यासारखी मान डोलावेल.

पुस्तकं टीटाकडे नेली. तिनं एकेक चाळलं आणि जवळजवळ प्रत्येकाला "व्हेरी नाइस, मॅम" म्हणाली. असल्या शेऱ्यावर सही कशी करायची? शेवटी गुरुवारी, इथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, मी तिच्याच खोलीत जाऊन बसले आणि म्हटलं, मुलांना वाचून दाखव, मी नुसती बघते.

टीटाची वाचायची एक पद्धत होती. वाक्याच्या शेवटी येऊन ती थांबायची आणि उरलेलं मुलांनी पुरं करायचं. ती थांबली की सगळ्यांच्या आधी आवाज यायचा माझ्या मुलीचा. नुसते शब्द नाहीत, पुरती वाक्यं. केसाळ राक्षसाला ती खदखदून हसली. एका जागी तर तिनं टीटाची चूक काढली, आणि टीटानं ती मान्यही केली. मी कौतुकानं बघायला हवं होतं. मला मात्र हेवा वाटला. माझ्या मुलीला एक भाषा अशी घरच्यासारखी येत होती, फक्त ते घर दोन मजले खाली होतं.

मी बाजूला काढलेल्यांतलं एक पुस्तक टीटानं सर्वांत शेवटी वाचलं. त्याला ती व्हेरी नाइस म्हणाली नव्हती, नुसतं मिटून ठेवलं होतं. गोष्ट मला मुलीनंच इंग्रजीत सांगितली. आई परदेशी कामाला जाते, तिच्या चपला दाराशी राहतात. मुलगी त्या रोज पुसते. आई परत येते, तोवर मुलीचे पाय त्या चपलांपेक्षा मोठे झालेले असतात. "मम्मा, यू हॅव टु टेक धिस वन," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्यात डुक्कर आहे. ती म्हणाली, "सो कव्हर इट."

तेच केलं. लायब्ररीत परतीच्या तारखेची चिठ्ठी शेवटच्या पानावर चिकटवतात, ती मी मधल्या पानावर, बरोब्बर डुकराच्या अंगावर चिकटवली. बाकीची पुस्तकंही मुलीला विचारून विचारून निवडली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी ते पान उघडलं, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. त्यांनी शांतपणे पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि पुढचं घेतलं.

आता मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण माझा घोर वेगळाच होता. त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, मी पुण्याहून आणलेलं बदकांचं मराठी पुस्तक काढलं. ते तीन वर्षं कपाटात पडून होतं. मुलीला जवळ घेऊन वाचायला लागले. ती शहाण्यासारखी ऐकत होती आणि पंख्याकडे बघत होती. दोन पानं झाल्यावर म्हणाली, "रीड इट लाइक टीटा."

म्हणजे थांबायचं. मला थांबायची भीती वाटली. मी थांबले आणि पुढे काहीच आलं नाही तर?

"अंधार पडायला लागला," मी वाचलं. "बदकीण तळ्याच्या काठावर आली आणि पिल्लांना म्हणाली, चला..."

आणि थांबले. ती पंख्याकडे बघेनाशी झाली. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, नाहीतर मीच सांगून टाकलं असतं.

"उवी ना तायो," ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. मराठीतलं सगळं तिला कळलं होतं, अगदी त्या शब्दापर्यंत. फक्त घरी जायची वेळ आली तेव्हा तिच्या कानात हाक आली ती टीटाची.

"बरोबर," मी म्हणाले. मग मी तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि या वेळी थांबले नाही.