तारागस्तीत मी वेळेवर मेलो नाही

चहा घ्या आधी. माझी ही फजिती गावोगावच्या लोकांची मोबाईलवर बघून झालीय, तुम्हीच तेवढे राहिलाय.

‘तारागस्त’ माहीत आहे ना? अंतराळातल्या पोलिसांची मालिका. मी शाळेत असताना सुरू झाली, आता माझी मुलगी शाळेत जाते तरी चालूच आहे. मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे आणि मी त्याचा अ‍ॅडमिन. चाहते म्हणजे कोण, तर मालिकेला सगळ्यात जास्त नावं ठेवणारी माणसं. कप्तान मरतो, आम्ही हळहळतो, पुढच्या भागात तो हजर. ग्रह कुठलाही असो, मागे आमच्या पळसदरीचाच डोंगर आणि त्यावर विजेचा टॉवर.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. कप्तान किरणांची बंदूक खोपोलीकडे धरतो आणि परग्रहवासी कर्जतकडे पडतो. का पडतो? त्याला लागलंय कुठे? यावर मी इतकं लिहिलं की तेवढ्यात पीएचडी झाली असती. दिग्दर्शकाचं एका ओळीचं उत्तर नाही. त्यांनी एकदा तरी ‘चाहत्यांचं बरोबर आहे’ म्हणावं, एवढीच माझी आयुष्यात इच्छा उरली होती. बायको म्हणते, इच्छा जरा मोठी धर.

तर धरणावरच्या शूटिंगला गर्दीची माणसं पुरवतात आमचे सलीमभाई. त्यांचा टेंपो धरणाकडे निघालेला दिसला आणि मी हात दाखवून थांबवला.

“सलीमभाई, मला दिग्दर्शकांना भेटायचंय.”

“भेटायला कोन सोडनार नाय रं. मरायला सोडतील. येतोस?”

“पण मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“मेल्यावर बोल. चढ वर.”

तिथं मला हिरवा रबरी मुखवटा चढवला. त्याच्या डोळ्यांची भोकं माझ्या भुवयांवर आली. सलीमभाईंनी एकदाच बजावलं, “पम्या, बंदूक उडाली की पडायचं. डोकं चालवायचं नाय.”

बंदूक उडाली. सगळे परग्रहवासी धडाधड पडले. मी मान वाकडी करून भोकातून पाहिलं, तर कप्तानाचा नेम धरणाच्या भिंतीवर. मी उभाच राहिलो. आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं जे लिहिलं त्याच्याशी बेइमानी कशी करू?

“कट. तो उभा का आहे?” दिग्दर्शकांनी विचारलं.

“सर, मला लागलं नाही.”

सगळे मेलेले डोकं वर करून माझ्याकडे बघायला लागले. दिग्दर्शकांनी शांतपणे विचारलं, “हा कोणी आणलाय?” सलीमभाई टॉवरकडे बघायला लागले.

दुसऱ्या खेपेला नेम पलीकडे चरणाऱ्या म्हशींवर. मी उभा. शेजारचा मेलेला कळवळून म्हणाला, “पड ना रं बाबा, खडं टोचत्यात.”

तिसऱ्या खेपेला मलाच त्याची दया आली. मी आजूबाजूला पाहिलं, खडे बाजूला सारले, कंबर धरली आणि बेताबेतानं मेलो. तोवर उजेड गेला होता, म्हणून त्यांनी तेच ठेवलं. बोलायचं राहिलंच. माझ्याकडे नुसतं बघूनच दिग्दर्शक गाडीत जाऊन बसले.

भाग आला आणि ग्रुप पेटला. ‘तो हिरवा खांब कोण?’ ‘मरताना अंथरूण घालतोय का?’ कधी नव्हे ते ग्रुपचं एकमत झालं. सगळे माझ्या मागे लागले, अ‍ॅडमिन, यावर तुम्हीच लिहा. गप्प बसलो असतो तर संशय आला असता. म्हणून लिहिलं. ‘मालिकेची इतकी वर्षांची अब्रू या एका माणसानं घालवली. असले नमुने शोधता कुठं?’ अगदी मनापासून लिहिलं. लोक म्हणाले, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण.

पुढच्या आठवड्यात स्टेशनजवळ सलीमभाई भेटले.

“पम्या, साहेबांनी तुमच्या ग्रुपवरचं वाचलं. सगळ्या युनिटला वाचून दाखवलं. म्हनाले, चाहत्यांचं बरोबर हाय.”

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले.

“मग आता काय बदलणार?”

“बाकी काय नाय,” सलीमभाई म्हणाले. “तुला परत आनायचा नाय.”