राहिलेल्या सुया

कोळवणच्या उपकेंद्रात मी लहान मुलांना लस टोचते. मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांतली ती बाई दिवाळीनंतर एकदा आली होती. खांद्यावर दीड महिन्याचं बाळ आणि त्याच्या पाठीवर सारखा थोपटणारा हात. कार्डावर तिचं नाव मीच लिहिलं असणार, पण आज ते आठवत नाही.

‘अजून दोन सुया राहिल्यात, महिन्या-महिन्यानं. असाल तिथल्या दवाखान्यात घ्या, नाहीतर डांग्या खोकला होईल,’ मी बजावलं.

‘सुईनं ताप येतोय, ताई. तापलेलं लेकरू घोडीवर बांधून कसं न्यायचं? आमचा तळ रोज हलतोय.’

मी वैतागून पुढच्या बाळाला हाक मारली.

वैशाखात परतीच्या वाटेवर ती पुन्हा आली. सोबत सहा वर्षांची थोरली. खांदा रिकामा होता, तरी हात तिथं थोपटतच होता. बाळ खोकून खोकून निळं पडायचं, शेवटी त्याला श्वासच ओढता आला नाही, एवढंच तिनं सांगितलं. मग कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकात गुंडाळलेलं कार्ड काढलं. इतक्या वाटचालीत त्याला एक डागही लागला नव्हता.

‘ह्याच्या दोन सुया शिल्लक हायेत न्हवं? त्या हिला द्या.’

असं नसतं; प्रत्येक मुलाच्या सुया वेगळ्या. मी थोरलीचं नवं कार्ड केलं, लस टोचली आणि सवयीनं म्हणाले, ‘रात्री ताप येईल हं.’

‘येऊ द्या,’ ती म्हणाली. ‘उद्या आमी तळ हलवणार न्हाई.’