लाल फिल्टर आणि सुरेखावहिनींचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटात काय आहे ते मी चप्पल काढायच्या आत कळतं.

रविवारी रहाटणीत मी हौशी मंडळींना फिल्मच्या कॅमेऱ्यावर घरच्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायला शिकवतो. नवख्यांना सांगतो — भर उन्हात नको, सावलीत बसवा. ‘हसा’ म्हणू नका. ‘जरा जवळ सरका’ म्हणा, हसू आपोआप येतं. आणि माणसांच्या फोटोला लाल फिल्टर लावू नका. का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, ओठ पांढरे पडतात. खोटं नाही ते. अर्धवट आहे.

लाल फिल्टर म्हणजे लेन्सपुढे बसवायची लाल काच. तिची गंमत अशी, की फिल्मवर लाल ते उजळून जातं आणि हिरवं काळं पडतं. मी हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, असं वाचल्यावर कुणाला चैन पडेल?

नेमकं तेव्हाच विलासने घरी बोलावलं. चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला आम्ही. त्याची कुरुळीत भाड्याची खोली. तो, बायको सुरेखावहिनी आणि बीडहून आलेली आई. आईंना गावाकडच्या घरात लावायला मोठा फोटो हवा होता. गच्चीवर विलासशेजारी वहिनी नटून बसल्या; आई खालीच थांबल्या. हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी ते कुंकू पाहिलं — आणि खिशातून लाल काच काढली.

काय होणार हे ठाऊक होतं का? होतं. काच काढून आणखी एक फोटो घेता आला असता? आला असता. पण मला तेवढंच बघायचं होतं — खरंच जातं का ते?

गेलं. घरी बाथरूममध्ये अंधार करून प्रिंट धुताना चुडा काळाकुट्ट दिसला, वहिनींचं कपाळ स्वच्छ मोकळं. मी हरखलो. सांगायची लाज वाटते, पण हरखलोच. आणि कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी समजूत घालून तोच फोटो मोठा करून दिला.

आईंच्या पहिल्याच नजरेत आलं. “कुकू कुठंय गं तुझं? नवरा शेजारी बसलाय आन् कपाळ मोकळं?”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. काचेबद्दल एक वाक्य सांगितलं असतं तर संपलं असतं. पण मग मुद्दाम केलं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “घाईत लावायचं राहिलं असेल.”

पुढे कँटीनमध्ये विलास हसत सांगायचा, आई आता सुनेचं कपाळ बघितल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही. मीही हसायचो.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, “भाऊजी, खरं सांगा, त्या दिवशी मी कुंकू लावलंच नव्हतं का? मला तर लावल्यालं आठवतंय.”

“माझ्या लक्षात नाही, वहिनी.”

“मंग माझंच चुकलं असंल,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या पोरांसाठी चिवड्याचा डबा हातात दिला. मी तो घेतला.